पोटाची खबर मनापर्यंत

पुण्याहून चांदणी चौक ओलांडला, भूगाव आणि पिरंगुट मागे टाकलं, की पौड येतं. मुळशी तालुक्याचं हे मुख्य गाव. इथून रस्ता मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाकडे जातो आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात. याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आणि माण आहेत. तिथे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती रात्रभर उजळलेल्या असतात. एका टोकाला चिखलात वाकून आवणी करणारी माणसं, तर दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जागणारी. दवाखान्यात गेल्यावर मात्र दोघांची तक्रार बरेचदा सारखीच असते. पित्त होतंय, गॅस धरतोय, पोट साफ होत नाही, जेवणावर वासना नाही.

अशा माणसाला झोप कशी लागते, चिडचिड वाढली आहे का, कशात जीव रमतो का, हे सहसा कोणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही. पोट दुखतं हे चारचौघांत सांगता येतं. मन ठिकाणावर नाही हे सांगायला जीभ रेटत नाही. मग तो पित्ताची गोळी घेऊन घरी जातो आणि थोड्या दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. पोट आणि मन यांची गाठ किती पक्की आहे, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विज्ञानाने बरंच उलगडलं आहे. म्हणून या दोन्हींची विचारपूस एकत्र व्हायला हवी.

ही गाठ प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली गेली, ती दोनशे वर्षांपूर्वी. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अपघाताने बंदुकीचे छर्रे लागले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याचा जीव वाचवला, पण जखम पुरती बुजली नाही. थेट जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधायचा, ते त्या भोकातून आत सोडायचा आणि ठरावीक वेळाने दोरा बाहेर ओढून कोणता तुकडा किती पचला ते पाहायचा. या प्रयोगांवरचं त्याचं पुस्तक १८३३ साली निघालं. सेंट मार्टिन संतापला की त्याचं पचन बिघडतं, हेही बोमाँटने त्यात नोंदवून ठेवलं आहे.

मनाचा हुकूम पोटापर्यंत पोचतो हे तेव्हाच कळलं होतं. पोटाची खबरही मनापर्यंत जाते, हे कळायला पुढे फार काळ जावा लागला.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या नळीच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. अन्न पुढे ढकलणं, पाचकरस सोडणं, ही कामं त्या मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता उरकतात. कोलंबिया विद्यापीठाचे मायकेल गर्शन यांनी म्हणूनच १९९८ सालच्या आपल्या पुस्तकात आतड्यांना दुसरा मेंदू म्हटलं. या दोन मेंदूंना जोडणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या बुडापासून निघते आणि गळा, छाती उतरून पोटात पसरते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे शरीराची खबर मेंदूला देणारे आहेत.

मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन शरीरात जेवढं असतं, त्यातलं ९० टक्क्यांहून अधिक आतड्यात तयार होतं. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. ते आतड्यांची हालचाल सांभाळतं आणि व्हेगसच्या टोकांना चाळवतं. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यामुळे अमुक फळ खाल्लं की सेरोटोनिन वाढतं आणि लगेच आनंद होतो, असे जे संदेश मोबाइलवर फिरतात त्यांवर विसंबू नये.

आता या गोष्टीत तिसरं पात्र येतं, ते म्हणजे मोठ्या आतड्यात राहणारे जंतू. त्यांची संख्या माणसाच्या शरीरातल्या पेशींच्या संख्येच्या जवळपास आहे. २००४ साली जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात नोबुयुकी सुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले. या उंदरांना थोडं जखडून ठेवलं, तर त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं नेहमीच्या उंदरांपेक्षा खूपच जास्त वाढली. निरोगी उंदरांच्या पोटातले जंतू त्यांना लहान वयात दिले, तेव्हा हा अतिरेक बराचसा सावरला. उशिरा दिल्यावर तो सावरला नाही.

२०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्क इथे जॉन क्रायन यांच्या गटाने उंदरांना दुधात आढळणाऱ्या जातकुळीतला एक जंतू खाऊ घातला. ते उंदीर कमी घाबरट झाले. मग काही उंदरांची व्हेगस नस कापली आणि तोच जंतू दिला, तर काहीच फरक पडला नाही. जंतूंची खबर त्या नसेतूनच वर जात होती, हे त्यावरून कळलं.

उंदरांचं माणसांना जसंच्या तसं लागू होत नाही. माणसांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ साली बेल्जियममध्ये झाला. एक हजाराहून अधिक लोकांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांच्या पोटात कॉप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे दोन प्रकार कमी आढळले. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम वजा केल्यावरही ही उणीव राहिली. जंतू कमी झाले म्हणून मन खचलं, की मन खचल्यामुळे खाणंपिणं बिघडून जंतू कमी झाले, याचा निवाडा अशा अभ्यासातून होत नाही.

पुण्यात या जंतूंची ओळख पटवण्याचं काम अनेक वर्षं चाललं आहे. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेतले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका छपराखाली राहणाऱ्या, एका चुलीवरचं जेवणाऱ्या तीन पिढ्या त्यांनी निवडल्या, म्हणजे खाण्याचा फरक बाजूला पडतो आणि वयाचा परिणाम उठून दिसतो. वयानुसार पोटातल्या जंतूंचा मेळ बदलत जातो, असं दोन्ही घरांत आढळलं. हे काम सोपं नसतं, कारण यातल्या बहुतेक जंतूंना हवेतला प्राणवायू सोसत नाही. नमुना उघड्यावर राहिला की ते मरतात, म्हणून त्यांना हवाबंद पेटीतच वाढवावं लागतं. अशाच चिकाटीतून पुण्याच्या संशोधकांनी एक नवा जंतू वेगळा काढला आणि त्याचं नाव ठेवलं मेगास्फेरा इंडिका. २०१६ साली याच गटाने दाखवून दिलं की भारतीयांच्या पोटात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा हे प्रकार इतर देशांतल्या लोकांच्या मानाने जास्त आढळतात. धान्य, कडधान्यं आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांच्या पोटात प्रीव्होटेला नांदतो.

म्हणूनच मुळशीच्या ताटाकडे नीट पाहायला हवं. आवणीच्या दिवसांत दुपारी बांधावर फडकं सोडलं जातं. त्यात तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, टाकळ्याची नाही तर कुर्डूची भाजी, कांदा आणि ठेचा असतो. सोबत ताक. संध्याकाळी खाचरात धरलेल्या खेकड्यांचं कालवण. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली छापलेल्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर गिरणीत पांढराशुभ्र केलेल्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नसतात. हे तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि जंतू ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराला त्यांच्यापासूनच ताकद मिळते आणि दाह आटोक्यात राहतो. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा नैराश्याशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

हे ताट आता बदलतं आहे. हातसडीचा तांदूळ मागे पडला, नाचणी-वरीची शेतं कमी झाली आणि बिस्किटांचे पुडे वाडीवस्तीवर पोचले. हिंजवडीत तर जेवणाची वेळच उलटी झाली आहे. रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये तळलेलं काहीतरी, त्यावर चहा, आणि सकाळी सगळे उठतात तेव्हा झोप. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१४ साली दाखवलं की पोटातल्या जंतूंचाही दिवसरात्रीचा क्रम असतो आणि झोप-जेवणाच्या वेळा विस्कटल्या की तोही विस्कटतो. २०१८ साली अमेरिकेत स्थलांतर केलेल्या आग्नेय आशियाई स्त्रियांचा अभ्यास झाला. नव्या देशात आल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांच्या पोटातल्या जंतूंचं वैविध्य घटू लागलं आणि प्रीव्होटेलाची जागा दुसऱ्या जंतूंनी घेतली. पौड ते हिंजवडी हे अंतर तेवढं नाही, पण ताटात पडणारा फरक त्याच जातीचा आहे.

आहार सुधारला तर मन सुधारतं का? ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नैराश्याचे ६७ रुग्ण होते. त्यांचे चालू उपचार तसेच ठेवले. निम्म्यांना आहारतज्ज्ञाच्या मदतीने भाज्या, फळं, कडधान्यं, अखंड धान्य आणि मासे असा आहार दिला, तर बाकीच्यांना तितकाच वेळ गप्पांची सोबत दिली. १२ आठवड्यांनंतर आहार बदललेल्यांपैकी ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ८ टक्के होतं. प्रयोग लहान होता आणि आपल्या गटात काय चाललं आहे हे रुग्णांना माहीत होतं, त्यामुळे हा अखेरचा शब्द नव्हे. तरीही आशा वाटावी असा हा निकाल आहे. त्यातल्या आहाराचा मोठा भाग इथल्या बांधावरच्या फडक्यात पूर्वीपासून होता, ही गोष्ट मुळशीच्या माणसाने लक्षात ठेवावी.

आणखी एक धागा पुण्याचा आहे, तो म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, विसराळूपणा आणि चिडचिड वाढते, मन उदास राहतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे ४४१ पुरुष तपासले होते. त्यातल्या ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होतं. मोठ्या आतड्यातले जंतू हे जीवनसत्त्व तयार करतात, पण ते शोषून घेण्याची जागा त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी असते. त्यामुळे ते बाहेरूनच घ्यावं लागतं. भाकरीत आणि पालेभाजीत ते नसतं. दूध-दही, अंडी, मासे, मटण, खेकडे यांत असतं. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्यांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी कमी होऊ शकतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि भरूनही काढता येतं. उदासीचं असं सहज दुरुस्त होणारं कारण केवळ कोणी विचारलं नाही म्हणून राहून जावं, हे मनाला लागतं.

ऑस्ट्रेलियातच एका अभ्यासात सामान्य लोकांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं गेलं आणि २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला चिंता असलेल्यांपैकी अनेकांना पुढे पोटाचे विकार जडले. सुरुवातीला फक्त पोटाचे विकार असलेल्यांपैकी अनेकांना पुढे चिंता आणि नैराश्य आलं. वाट दुहेरी आहे.

म्हणून जुनाट पित्त, गॅस किंवा बद्धकोष्ठ घेऊन दवाखान्यात जाताना झोप, भूक आणि मन यांबद्दलही आपणहून सांगावं. नैराश्याचे उपचार चालू असतील, तर पोटाची तक्रार आणि रोजचं खाणं डॉक्टरांच्या कानावर घालावं. मनाची औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सर्दीखोकल्यासाठी दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये, कारण त्यात पोटातले उपयोगी जंतूही मरतात. दह्या-ताकाने बहुतेकांना बरं वाटतं, पण महागडी प्रोबायोटिक कॅप्सूल नैराश्य बरं करते अशी हमी देणारा पुरावा अजून नाही. तंतू वाढवायचे ते हळूहळू, नाही तर पोट फुगतं. आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणी, रोज एक कडधान्य आणि हंगामातली एक भाजी, एवढ्याने सुरुवात होते.

शौचावाटे रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, ही लक्षणं असतील तर ताणामुळे असेल म्हणून थांबू नये, ताबडतोब तपासणी करून घ्यावी. मन फार खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.