बकऱ्याचं पोट आणि आपलं पोट

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



शिक्षण, रोजगार, संविधान यांवर बोलून झाल्यावर पोटातल्या जिवाणूंवर कशाला बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण बकरी ईदच्या आधी आपल्या मोहल्ल्यात काय होतं ते आठवा. पाला खाऊन वाढलेला बकरा दारात येतो आणि मुलं त्याला गहू, मका, भाकरी, शिळा भात, असेल ते चारतात. त्यात माया असते आणि वजन वाढावं ही इच्छाही असते. दोन-तीन दिवसांत तो सुस्त होतो, पोट फुगतं, हगवण लागते. एखादा तर सकाळी मेलेलाच सापडतो. वर्षभर साठवलेले पैसे गेले. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी विकणाऱ्याला शिव्या घालतं.

नजर नाही, हा खुराकाचा परिणाम आहे. बकरा चारा स्वतः पचवत नाही. त्याच्या कोठीपोटातले जिवाणू पचवतात. पाल्यावर जगणाऱ्या या वस्तीत अचानक भरपूर धान्य आलं, की धान्यातलं पिष्ट भराभर आंबवणारे जिवाणू माजतात. आम्ल वाढतं आणि पाला पचवणारे मरू लागतात.

याहून घातक आजार म्हणजे आंत्रविषार. त्याचा जिवाणू, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, निरोगी शेळीच्या आतड्यातही थोडाफार असू शकतो. न पचलेलं पिष्ट आतड्यात उतरलं की त्याची संख्या बेसुमार वाढते. त्याचं विष रक्तात भिनतं, मेंदूपर्यंत जातं. म्हणून बरेचदा कळपातलं सर्वांत धष्टपुष्ट, जास्त खाणारं पिल्लूच आधी दगावतं. यावर लस आहे. पशुवैद्यक ती सहसा पावसाळ्यापूर्वी टोचतात. पहिल्यांदा काही आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा लागतात. बकरा घेताना दात बघता, तसं ‘ईटीची लस झाली का?’ हेही विचारा. घरी आणल्यावर आधी सुका चारा, पाला, पाणी द्या. धान्य द्यायचंच तर मूठमूठ करून, आठ-दहा दिवसांत वाढवा.

आता आपल्या पोटाकडे वळू. माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्यांचं वजन मिळून साधारण २०० ग्रॅम. ते तंतुमय अन्न आंबवतात, आतड्याच्या अस्तराला खाद्य पुरवतात आणि जागा अडवून रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. बकऱ्याची वस्ती धान्यानं बिघडते. आपली बिघडवण्याचं मोठं साधन म्हणजे गरज नसताना घेतलेलं अँटिबायोटिक.

अँटिबायोटिकनं चांगले जिवाणू मेले, की परफ्रिन्जेन्सचा एक नातलग, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, काही रुग्णांच्या आतड्यात माजतो. जुलाब थांबत नाहीत. औषध बंद केलं की पुन्हा सुरू. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू नळीवाटे अशा १६ रुग्णांच्या आतड्यात सोडले. पहिल्याच खेपेला १३ बरे झाले. फक्त व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या १३ जणांपैकी ४ बरे झाले. ऐकून किळस वाटेल. पण निरोगी जनावराच्या कोठीपोटातलं पाणी आजारी जनावराला पाजून त्याचं पचन सुरू करणं पशुवैद्यकांना फार आधीपासून माहीत आहे.

आपल्या घरात मात्र काय होतं? लेकराला जुलाब झाले की अम्मी कुणाला तरी मेडिकलमध्ये पिटाळते आणि चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या येतात. बऱ्याच महत्त्वाच्या अँटिबायोटिक्सची विक्री २०१४ पासून शेड्यूल एच-१ खाली आली आहे. ती चिठ्ठीवरच द्यायची आणि नोंद ठेवायची, असा नियम आहे. मुलांच्या बहुतेक पाण्यासारख्या जुलाबांत अँटिबायोटिक लागतच नाही. लागतं ते ओआरएस, झिंक, आईचं दूध आणि नेहमीचं जेवण. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानंच असंख्य जीव वाचवले. मात्र शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, मूल पेंगतंय किंवा पाणीही पीत नाही, असं दिसलं तर ताबडतोब दवाखाना गाठा.

जनावराची आणि माणसाची औषधं वेगळ्या जगात राहत नाहीत. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं अँटिबायोटिक कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जात होतं. औषधाला दाद न देणारे जिवाणू त्यातून वाढतात आणि माणसापर्यंत पोहोचतात. म्हणून २०१९ मध्ये सरकारनं खाद्य-प्राण्यांसाठी त्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. आपल्यातले कितीतरी जण शेळीपालन, पोल्ट्री, मटण-चिकनच्या धंद्यात आहेत. हा प्रश्न आपल्या ताटाचा तर आहेच, आपल्या रोजीचाही आहे.

तेव्हा येत्या ईदआधी प्रत्येकानं आपल्या गल्लीत दोन गोष्टी कराव्यात. बकरे आले की पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना एका संध्याकाळी बोलवा. आणि शेजारच्या पाच घरांत ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कशी कालवायची ते दाखवा. यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. सुरुवात कुणी करायची, एवढं इथून उठण्याआधी ठरवा.