आपल्या वयाच्या खलाशांचे जहाज



माझी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. पण आज सांगतो ते जहाज माझे नव्हे. अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो, तेव्हा ओहायो नदीकाठी एव्हान्सव्हिलला एलएसटी-325 पाहिले. एलएसटी म्हणजे रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे जहाज. तळ सपाट, नाकाशी मोठे दरवाजे. किनाऱ्याला लागण्याआधी मागचा नांगर टाकायचा आणि माल उतरला की त्याच्याच दोराने स्वतःला ओढत पाण्यात परतायचे. भर समुद्रात मात्र सपाट तळ फार हेलकावे देतो.

1943 मध्ये सिसिली आणि सालेर्नो, 7 जून 1944 ला नॉर्मंडीचा ओमाहा किनारा. जाताना रणगाडे, येताना जखमी सैनिक. त्याच डिसेंबरात ‘एम्पायर जॅव्हलिन’ बुडू लागले, तेव्हा त्यावरची सुमारे 700 माणसे याने वाचवली. 1964 मध्ये ते ग्रीसला दिले गेले. 1999 मध्ये तिथूनही निवृत्त झाले.

मग 2000 साली काही जुने अमेरिकन खलाशी क्रीटला पोहोचले. सरासरी वय 72, म्हणजे आज आपले आहे तेवढेच! त्यांनी ते दुरुस्त केले, ऐन हिवाळ्यात अटलांटिक ओलांडला आणि 10 जानेवारी 2001 ला अलाबामातले मोबील बंदर गाठले.

इंजिनरूमचा जिना अगदी उभा आहे. त्या म्हाताऱ्यांनी तो रोज किती वेळा चढला-उतरला असेल, याचा हिशेब करत मी मध्येच पायरीवर बसलो. गुडघे, दुसरे काय!