लखनौच्या सभागृहातील निर्भय वाणी

बेगम ऐजाज रसूल १९३७ साली स्त्रियांसाठी राखीव नसलेल्या जागेवरून निवडून येऊन लखनौच्या विधान परिषदेत गेल्या. १९४० पर्यंत त्या परिषदेच्या उपसभापती होत्या. तालुकदार घराण्यातील असूनही जमीनदारी निर्मूलनाचा त्यांनी पुरस्कार केला. पुढे दिल्लीच्या घटना समितीत त्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य होत्या. मे १९४९ मध्ये धर्माधारित राखीव जागांविरुद्ध त्यांनी भाषण केले. अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमच्या दूर लोटतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. फाळणीच्या जखमा ताज्या असताना हे बोलणे सोपे नव्हते. प्रतिनिधीने स्वजनांचे हित मांडावेच. परंतु ते हित स्वजनांना अप्रिय असले तरी मांडावे, हीच लोकप्रतिनिधित्वाची खरी कसोटी होय.