आधी कोणाचे काम आटोपते?



आयुष्यभर साहित्य शिकवणारा मी आज ‘जावा’ या संगणकभाषेविषयी बोलतो आहे, ते माझ्या भाचीमुळे. मराठी माध्यमातून आलेली ही मुलगी कन्स्ट्रक्टरचा नियम इंग्रजीत घडाघडा म्हणायची. प्रोग्रॅम चालवल्यावर कोणती ओळ आधी उमटेल, हे मात्र तिला सांगता येत नव्हते.

नवी वस्तू तयार होताना तिची पहिली मांडामांड करतो तो कन्स्ट्रक्टर. समजा, ‘पुस्तक’ या क्लासपासून ‘कवितासंग्रह’ हा क्लास काढला आहे. नवा कवितासंग्रह मागितला की त्याचा कन्स्ट्रक्टर ‘सुपर’ म्हणून आधी पुस्तकाच्या कन्स्ट्रक्टरला हाक मारतो. तो आणखी वर, सर्व क्लासांचे मूळ असलेल्या ‘ऑब्जेक्ट’च्या कन्स्ट्रक्टरला. मी म्हटले, “हे मराठीत सांग बघू.” ती अडखळत म्हणाली, “मामा, ऑब्जेक्टचं आटोपून पुस्तकाचं, पुस्तकाचं आटोपून कवितासंग्रहाचं.” आणि थबकली. हाक खालून वर जाते, काम वरून खाली उतरते, हे तिला त्या ‘आटोपून’ने दाखवले. ‘जेवून निघाला’ म्हटले की जेवण आधी उरकलेले असते. व्याकरणाच्या तासाला हे ‘ऊन’ आपण किती कंटाळत शिकवतो!

‘सुपर’ लिहिले नाही तर कंपायलर ते स्वतःच घालतो, पण रिकाम्या कंसाचे. पुस्तकाच्या कन्स्ट्रक्टरला शीर्षक दिल्यावाचून चालत नसेल, तर चूक दाखवली जाते कवितासंग्रहात. भाचीची अर्धी रात्र यातच गेली होती. एकाच क्लासमधले कन्स्ट्रक्टरही ‘धिस’ म्हणून एकमेकांना बोलावतात, पण शेवटी एकाला वर जावेच लागते. ते आपापसांतच फिरत राहिले तर कंपायलर अडवतो. (आपल्या समित्यांना ही सोय नाही.)

खरी मेख पुढे आहे. पुस्तकाच्या कन्स्ट्रक्टरने ‘परिचय’ ही मेथड बोलावली आणि कवितासंग्रहाने ती बदललेली असेल, तर जावा बदललेलीच चालवते. कवीचे नाव तोवर भरलेले नसते. त्या जागी ‘नल’ छापले जाते. सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी पुस्तकाचीच मेथड चालते. ‘सुपर’ पहिल्याच ओळीत हवे, हा जावाचा दंडक २०२५ च्या पंचविसाव्या आवृत्तीत सैल झाला. आता हाकेआधी आलेली माहिती तपासता येते, मात्र वरच्याचे आधी हा क्रम तसाच आहे.

परिभाषा समितीवर काम केलेल्यांना राग येईल, पण कन्स्ट्रक्टरला प्रतिशब्द शोधण्याची मला घाई नाही. माझ्या भाचीला तो शब्द कधीच अडला नाही. अडले ते त्याभोवतीचे वाक्य. संगणकाच्या शिक्षकांनी तो शब्द खुशाल तसाच ठेवावा. मुलांकडून वाक्य मात्र एकदा तरी मराठीत म्हणवून घ्यावे, आणि ते अडखळली तर थोडे थांबावे.