प्लॅस्टिकपासून तेल आणि आपली सतरा पोती
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रसायनशास्त्रावर बोलणार हे कळल्यावर बी विंगमधल्या एका मित्राने मला जिन्यातच अडवलं. म्हणाला, "अहो, तुम्ही बी.कॉम. ना?" हो, बी.कॉम.च. जन्म बँकेत गेला. पण गेल्या महिन्यात आपल्या सोसायटीने गोळा केलेली प्लॅस्टिकची सतरा पोती तेल काढणाऱ्या कारखान्याने परत पाठवली, आणि ती माझ्यामुळे परत आली. तेव्हा बोलणं भाग आहे.

आधी तेल निघतं कसं ते सांगतो. दुधाची पिशवी मुळात तेलातूनच आलेली असते. कच्च्या तेलातून नॅफ्था, त्यातून इथिलीन वायू, आणि त्या वायूचे हजारो कण माळेसारखे ओवले की पॉलिथिन. आता ही माळ तोडायची. बंद भट्टीत हवा येऊ न देता प्लॅस्टिक साधारण 400 ते 500 अंशांपर्यंत तापवतात. आत ऑक्सिजनच नाही, म्हणून ते पेटत नाही. वितळतं, माळ तुटते आणि वाफ होते. ती वाफ थंड केली की तेल. जो वायू थंड होऊनही तेल होत नाही, तो त्याच भट्टीखाली जाळतात. तळाला काळी भुकटी उरते. याला पायरोलिसिस म्हणतात. दिसायला आपल्याकडे अर्क काढतात तसंच. फरक इतकाच, की अर्क मूळ पदार्थात असतोच, इथे मात्र मूळ पदार्थच मोडावा लागतो.

हे काही परदेशातून आलेलं नवल नाही. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी वीसएक वर्षांपूर्वी बुटीबोरीला असा कारखाना उभा केला, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढं आलं होतं! 2019 साली देहरादूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियममध्ये रोज एक टन प्लॅस्टिकपासून डिझेल करणारा संच सुरू झाला. वंगणाचं म्हणाल तर, भट्टीतून मेणासारखा जो जड भाग निघतो, त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की वंगणाचं मूळ तेल बनवता येतं. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण वापरून 300 अंशांच्या आसपास पॉलिथिनपासून थेट वंगणासारखं तेल करून दाखवलं. पण ती प्रयोगशाळा झाली. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यातलं तेल बहुतेक बॉयलरला आणि भट्ट्यांना जातं. तुमच्या बीएस-6 गाडीत ते ओतू नका. लगेच दर विचारणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगितलं.

आता माझी गोष्ट. 2007च्या सुमारास मी मराठवाड्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. एक तरुण इंजिनिअर अशाच कारखान्याचा प्रस्ताव घेऊन आला. फाइल देखणी होती. यंत्राचं कोटेशन, तेलाचा दर, नफ्याचा तक्ता, सगळं जागच्या जागी. कच्च्या मालासमोर लिहिलं होतं : "टाकाऊ, जवळजवळ फुकट." त्या ओळीवर मी बोट ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. वडिलांची मोसंबीची बाग तारण घेतली आणि कर्ज मंजूर केलं.

फुकट काहीच नव्हतं. स्वच्छ पिशव्या आणि बाटल्यांना दाणा करणाऱ्यांकडे चांगला भाव मिळतो, तो माल भंगारवाला याला कशाला देईल? याच्याकडे आलं ते उरलंसुरलं : ओलं, मातीने भरलेलं, खरकटं. पाणी उडवण्यातच इंधन जायचं. त्यात पीव्हीसी मिसळलेलं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो, तापवलं की त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. वर्षभरात वाफ थंड करणाऱ्या नळ्या खाल्ल्या गेल्या. चौदाव्या महिन्यात कारखाना बंद. वसुलीची नोटीस माझ्या सहीने गेली. त्याचे वडील शाखेत आले, समोरच्या खुर्चीवर बसले आणि एवढंच विचारलं, "साहेब, मशीन खराब होतं का?" मी म्हटलं, "नाही." पुढे मला बोलता आलं नाही. आज उत्तर देता येतं. मशीन ठीक होतं, पोतं चुकीचं होतं.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने गेल्या महिन्यात काय केलं, ते ऐका. रौप्यमहोत्सवाचे जुने फ्लेक्स गच्चीवर पडले होते. म्हटलं, प्लॅस्टिकच आहे. बसून कात्रीने तुकडे केले आणि तीन पोत्यांत भरले. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर! कारखान्यातल्या मुलाने पहिलंच पोतं उघडलं आणि त्यात आपल्या माननीय अध्यक्षांचा अर्धा चेहरा निघाला. (अध्यक्ष हसतायत, म्हणजे क्षमा झाली असं धरतो.) त्यांनी उरलेली चौदा पोती उघडूनही पाहिली नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. वहिनींनी महिनाभर धुऊन, वाळवून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या त्यात होत्या. त्यांची माफी मी घरोघरी जाऊन मागितली, आज इथेही मागतो.

कमिटीत आता हा उपक्रम बंद करावा असं म्हणणारे तीन जण आहेत. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, त्रास होतोच. पण कारखानदाराने आणखी एक संधी दिली आहे, येत्या महिन्याची. म्हणून विनंती आहे. दुधाच्या पिशव्या, किराण्याच्या पातळ पिशव्या, झाकणं, आइस्क्रीमचे डबे पोत्यात चालतील. धुऊन आणि कोरडे करून. पाण्याच्या बाटल्या पोत्यात नकोत; त्यातून तेल फार निघत नाही, उलट नळ्या तुंबतात. त्या भंगारवाल्याला द्या, तो त्याचे पैसे देतो. पाइपचे तुकडे, वायरी, रेक्झिन, जुने रेनकोट आणि फ्लेक्स अजिबात नकोत. शंका आली तर टाकू नका, मला इंटरकॉमवर विचारा. दुपारी दोन ते चार सोडून.

रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा मी पार्किंगमध्ये वजनकाटा घेऊन बसतो. प्रत्येक पोतं बांधायच्या आधी दोघांनी बघायचं, असं ठरवलं आहे. एक मी. दुसरं कोणीतरी हवं, आणि ते बी.कॉम. नसलं तर बरं.