पाठ झालेले आणि आपले झालेले

(नाट्यवाचन स्पर्धेच्या बक्षीस समारंभातील भाषण)



बक्षिसे वाटून झाली की परीक्षकाने चार शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. उपदेश करण्याऐवजी मी तुम्हाला माझी एक फजिती सांगतो.

पन्नासहून अधिक वर्षे झाली. कॉलेजात असताना मी इंग्रजी नाट्यवाचनाच्या स्पर्धेत नाव दिले. उतारा निवडला शेक्सपिअरच्या 'ज्युलिअस सीझर'मधला. सीझरच्या प्रेतासमोर मार्क अँटनी रोमच्या लोकांशी बोलतो, तो. आमच्या घरी इंग्रजी कोणालाच येत नव्हते. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांकडे जाऊन मी ग्रामोफोनची तबकडी ऐकली आणि त्या इंग्रज नटाचा आवाज, कंप, उसासे सगळे जसेच्या तसे उचलले. रात्री पडवीत सराव चाले. एकदा आईने आतून विचारले, "कुणाकडे मयत झालंय का रे?" मला हसू आले.

स्पर्धेत मी कोठेही अडखळलो नाही. परीक्षकांनी एवढेच म्हटले, "हेच आता तुमच्या घरच्या भाषेत सांगा पाहू." मला एक वाक्य सांगता येईना. मान खाली घालून घरी आलो, तेव्हा आईचा प्रश्न आठवला. मयत खरोखरच झाले होते! आणि ते कोणाचे, कोणी केले, हेच मी विसरलो होतो.

आजही हेच घडते. तबकडीची जागा मोबाईलने घेतली, इतकेच. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील स्वगत म्हणणारा मुलगा डॉ. श्रीराम लागूंचा आवाज काढू पाहतो. डॉक्टरांचा आवाज त्यांच्या विचारातून निघत होता. तो उचलता येतो, विचार उचलता येत नाही.

मग पद्य आपले कसे करावे? पहिली अडचण छंदाची. आपल्या मराठी वृत्तांत आणि उर्दू बहरांत लघु-गुरूचा हिशेब असतो. शेक्सपिअरच्या निर्यमक पद्यात हिशेब आघाताचा असतो. साधारण दहा अक्षरांचा उच्चार, आणि एक सोडून एक अशी पाच अक्षरे ठसक्याची. आपण सगळी अक्षरे सारख्या वजनाने म्हणतो, म्हणून ते कानाला पाढ्यासारखे लागते. प्रथम टेबलावर बोट वाजवून पाच ठोके शोधा. मग बोट थांबवा आणि नुसते बोला. ठोका आत चालू राहिला पाहिजे, नाडीसारखा. नाडी सतत चालते, पण आपण ती मोजत बसत नाही.

आता गंमत पाहा. अँटनीची पहिलीच ओळ हा नियम मोडते. लोक गलबला करीत आहेत. तो तीन संबोधने घेतो. पहिले एका अक्षराचे, दुसरे दोन, तिसरे तीन. ठसका अगदी पहिल्याच अक्षरावर येतो. गर्दीला गप्प करणाऱ्या माणसाचा आवाज असाच पायरी पायरीने लांबत जातो. शिवाय त्याच्या आधी ब्रुटस त्याच लोकांशी गद्यात, तोलून-मापून बोलला आहे. अँटनीला कटवाल्यांची निंदा न करण्याच्या अटीवर बोलू दिले आहे. म्हणून तो त्यांना पुन्हा पुन्हा 'सन्माननीय' म्हणतो. शब्द तोच, पण दर वेळी अर्थ थोडा सरकतो आणि शेवटी तो शिवीसारखा लागतो. हे तबकडीवरून शिकता येत नाही. प्रत्येक वेळी समोरच्या गर्दीत काय बदलले, ते पाहावे लागते. मध्येच तो थांबतो, जीव थाऱ्यावर येऊ द्या म्हणतो, आणि लोक आपसांत कुजबुजू लागतात. ती विश्रांती नाटककाराने लिहून ठेवली आहे. मी मात्र ती धावत ओलांडली होती!

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. मुशायऱ्यात कोणी शायर तरन्नुममध्ये गातो, कोणी तहतमध्ये, म्हणजे न गाता, बोलून शेर ऐकवतो. चांगला तहत ऐकताना वजन तर सुटत नाही, आणि तरी हा माणूस आपल्याशीच बोलतो आहे असे वाटते. शेक्सपिअरचे पद्य असेच तहतमध्ये बोलायचे असते. हॅम्लेटही नटांना हेच बजावतो: शब्द जिभेवर हलके खेळवा, आरडाओरडा करू नका, हातांनी हवा कापू नका.

शिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात. उतारा पाठ करण्याआधी मुलाकडून तो घरच्या बोलीत सांगून घ्यावा, मग ती मराठी असो, उर्दू असो की कोकणी. दुसरी गोष्ट, तो कोणाशी बोलतो आहे आणि त्याला काय हवे आहे, हे विचारावे. तिसरी, रॉयल शेक्सपिअर कंपनीत अनेक वर्षे आवाजाचे शिक्षण देणाऱ्या सिसिली बेरी यांचा एक सराव करवून घ्यावा. बोलत चालायचे आणि प्रत्येक विरामचिन्हाशी दिशा बदलायची. विचार कोठे वळतो, हे आधी पायांना कळते आणि मग जिभेला. ओळीच्या शेवटी मात्र आवाज पडू देऊ नका. महत्त्वाचा शब्द पुष्कळदा तेथेच असतो.

मुलांनो, शेवटी एकच सांगतो. आपला उच्चार गावरान आहे, आपल्या घरात असली भाषा नाही, म्हणून हे मोठे शब्द आपले नव्हेत, असे मानू नका. शेक्सपिअरही एका लहान गावातल्या हातमोजे करणाऱ्याचा मुलगा होता. उच्चार स्पष्ट करा, पण स्वतःचा आवाज टाकून देऊ नका. पुढच्या वर्षी येथे येण्याआधी आपला उतारा एकदा आईला तिच्या भाषेत सांगा. तिने "मग पुढे काय झालं?" असे विचारले, तर निम्मी तयारी झाली असे समजा.