फोन कुणाचा, नंबर कुणाचा?

(घोडबंदर गावात वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांचे अनुभव यात आले आहेत त्या बायकांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



मला विषय दिला आहे 'स्त्रिया आणि तंत्रज्ञान'. विषय भारदस्त आहे. पण मी आज फक्त नव्या फोनच्या एका खोक्याबद्दल बोलणार आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या बुधवारच्या बैठकीला एक मावशी आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये दोन घरी स्वयंपाक करतात. पिशवीतून त्यांनी नव्या फोनचं खोकं काढलं. सील तसंच. "दुकानातून सरळ इथेच आणला," म्हणाल्या. "घरी उघडला असता तर पोराने घेतला असता आणि त्याचा फुटका मला दिला असता. आत्तापर्यंत तसंच झालंय."

वर्षभर शंभर-शंभर साठवून घेतलेला फोन. तो आम्ही सतरंजीवर बसून उघडला. सगळ्या गोल करून बसलो, जणू कुणाचं बारसं आहे. आणि त्या दीड तासात मला एक गोष्ट कळली. नवा फोन चालू होताना एकामागून एक प्रश्न विचारतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न हा हक्काचा प्रश्न असतो.

पहिला प्रश्न भाषेचा. दुकानदार इंग्रजी ठेवून देतो. आम्ही मराठी निवडली. मावशी चौथी शिकलेल्या. पडद्यावरची अक्षरं एकेक लावत त्यांनी 'पुढे जा' वाचलं आणि स्वतःच दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न आला खात्याचा. फोन ईमेल मागतो. इथे बहुतेक बायका म्हणतात, "मुलाचा टाका." आपणही घाईत टाकून देतो. पण मुलाच्या खात्यावर चालू केलेला फोन म्हणजे काय, हे आपण नीट समजून घेऊ. तुम्ही काढलेले फोटो त्याच्या फोनवर जाऊ शकतात. तुमचा फोन या घडीला कुठे आहे हे त्याला नकाशावर दिसू शकतं. तुम्ही साठवलेले नंबर त्याला दिसू शकतात. आणि उद्या फोन बिघडला, सगळं पुसून पुन्हा चालू करायचा झाला, तर फोन त्या जुन्या खात्याचाच पासवर्ड मागतो. तो नसेल तर तुमच्या पैशाचा फोन तुमच्याच हातात मुका. मावशींचं नवं खातं काढलं. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला आणि देवाच्या पोथीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. लिहून ठेवू नये असं शहाणे लोक सांगतात. पण बायकांना घरातल्या सुरक्षित जागा त्या शहाण्यांपेक्षा जास्त माहीत असतात.

तिसरा प्रश्न कुलपाचा. बोटाचा ठसा, चेहरा की आकडे? बोटाचा ठसा सोपा वाटतो. पण झोपलेल्या माणसाचं बोट फोनला लावता येतं. हे मला एका बाईने सांगितलं, तिच्या बाबतीत घडलं होतं म्हणून. तेव्हापासून आम्ही सांगतो की आकडेच बरे, आणि त्यात मुलाची जन्मतारीख नको.

इथे मला माझी एक चूक तुमच्यासमोर मांडायची आहे. चार वर्षांपूर्वी मी या कामात नवी होते. एम.एस.डब्ल्यू.ची पदवी ताजी, उत्साहही ताजा. एक तरुण मुलगी आली. नवरा रोज तिचा फोन तपासायचा. मी म्हटलं, "यात काय? कुलूप घाल." तिथेच बसून आम्ही सहा आकडे घातले. ती हसत घरी गेली. रात्री नवऱ्याने फोन मागितला, उघडेना. त्याने तो भिंतीवर आपटला आणि मग तिला मारलं. तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिचा ओठ शिवलेला होता. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माझं म्हणणं तत्त्वाने बरोबर होतं, पण त्याची किंमत तिने मोजली. रोज उघडा असणारा फोन एकाएकी बंद होणं ही त्या घरात घोषणाच असते. तेव्हापासून मी आधी विचारते, "फोन घरी कोण बघतं? कुलूप लागलं तर काय होईल?" काहींसाठी उत्तर असं निघतं की फोन उघडाच ठेवायचा आणि महत्त्वाचं बोलणं मैत्रिणीच्या किंवा संस्थेच्या फोनवरून करायचं. ती हार नाही. वेळ येईपर्यंत धरलेला दम आहे.

आता चौथी गोष्ट. ती फोन विचारत नाही, म्हणून आपणच विचारायची. सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे?

फोन हे यंत्र आहे, फुटलं तर दुसरं येईल. नंबर म्हणजे आजच्या काळातला पत्ता आहे. बँक, आधार, गॅस, मुलांच्या शाळेचा ग्रुप, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं. आमच्याकडची एक बाई मार खाऊन दोन मुलांसह माहेरी निघून आली. फोन तिच्याजवळ होता. आठवड्याने तो अचानक बंद पडला. सिम नवऱ्याच्या नावावर होतं. त्याने दुकानात जाऊन नवं सिम काढलं आणि तिच्या हातातलं निकामी झालं. तिच्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागले. दार न ठोठावता तो तिच्या आयुष्यात परत शिरला. पुढे तिच्या नावावर सिम घेणं, आधार केंद्रावर जाऊन आधारचा नंबर बदलणं, मग बँकेत अर्ज, यात दोन महिने गेले. आधारवरचा मोबाइल नंबर बदलायला केंद्रावर वेगळं कागदपत्र लागलं नाही, पण तिला स्वतः जावं लागलं, ठसा द्यावा लागला. दोन महिने म्हणजे तिची किती दिवसांची मजुरी बुडाली, हिशोब तुम्हीच करा.

कुणी म्हणेल, ही एकेका घराची भांडणं आहेत. तसं नाही. शासनही नंबर कुणाच्या हातात आहे यावर बाईचा हक्क टांगून ठेवतं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिना दीड हजार रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. त्यात बाईच्या स्वतःच्या आधारच्या ओटीपीबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. म्हणजे बहिणीचे पैसे, आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात. ज्या नवऱ्यापासून ती वेगळी राहते, त्यालाच फोन करून 'आकडा सांगता का' असं विचारायचं. विधवा आणि निराधार बायकांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. हे आधी सुचलं नाही, कारण ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे घर होतं त्यात एक भला कर्ता पुरुष होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची आकडेवारी सांगते की स्वतः वापरत असलेला मोबाइल देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांकडे आहे, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका जेमतेम एक तृतीयांश. उरलेल्या बायकांपर्यंत योजना, रोजगार, शाळेची सूचना, सगळं दुसऱ्याच्या हातून पोचतं. पोचलं तर.

मी लहान असताना आमच्या नाक्यावर पिवळ्या पाटीचा पीसीओ होता. आई रविवारी रात्री दर कमी झाल्यावर माहेरी फोन करायची. डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर, मागे रांग, आणि पीसीओवाला सगळं ऐकतोय. ती आजीला नेहमी 'मी बरी आहे' एवढंच सांगायची. ती बरी नव्हती, हे मला फार पुढे कळलं. भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीला, मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय मंत्री सुखराम यांच्यात. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. आज वस्तीतल्या, पाड्यावरच्या घरातही फोन आहे. पण आईच्या मागे जो पीसीओवाला ऐकत उभा होता, तो आता घरातच आला आहे का, हा माझा प्रश्न आहे.

आणि फोनवर ताबा ठेवणं हे घरापुरतं नाही. २०१६ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने अविवाहित मुलींना मोबाइलबंदी केली, दंडासकट. मुलग्यांना नाही. केरळात एका वसतिगृहाने मुलींच्या फोनवर ठराविक तासांची बंदी घातली, तेव्हा फहीमा शिरीन ही विद्यार्थिनी न्यायालयात गेली. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. एका मुलीने 'नाही' म्हटल्यामुळे तुमच्या-माझ्या हातात हा निकाल आहे.

कायद्याची आणखी चार वाक्यं लक्षात ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे. बाई इंटरनेट, ईमेल किंवा तसा संवाद कसा वापरते यावर पाळत ठेवणंही त्यात येतं. कायदा 'कोणताही पुरुष' म्हणतो, नवऱ्याला सूट लिहिलेली नाही. २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने म्हटलं की नवरा बायकोला फोनचा पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की नवरा-बायकोंच्या खटल्यात चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं पुरावा म्हणून घेता येतं. हे दुधारी आहे. तुमच्याकडची धमकी जपून ठेवा, आणि समोरचाही टेप करत असेल हे धरून बोला. धमकीचा मेसेज नुसता फोटो काढून पुसू नका, मूळ मेसेज आणि तो फोन दोन्ही सांभाळा.

आता कामाचं. प्रत्येक वस्तीत महिन्यातून एक दिवस 'फोनचा दिवस' ठेवा. बायकांनी आपापले फोन घेऊन यायचं आणि एवढंच करायचं:

सिम कुणाच्या नावावर आहे ते बघायचं. शासनाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत तेही कळतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच तक्रार करता येते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइसेस' उघडायचं. तिथे न ओळखणारं यंत्र दिसलं तर कुणीतरी तुमचे मेसेज वाचतंय. पण काढण्याआधी थांबा, आपल्याशी बोला. माझी चूक आठवा.

स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून येणारा पंधरा आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. फोन चोरीला गेला तर तो बंद करायला हाच लागतो.

पैसे मिळण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. हे घरातल्या सासूबाईंनाही सांगायचं. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन. पहिल्या तासात केलेला फोन उपयोगी पडतो.

११२ पोलिसांसाठी, १८१ महिलांसाठी. हे नंबर नुसते साठवू नका, पाठ करा. फोन हिसकावला गेला तर साठवलेले नंबर त्याच्याबरोबर जातात. त्याचबरोबर एका मैत्रिणीचा नंबरही तोंडपाठ हवा. मी बैठकीत विचारते तेव्हा बहुतेकींना फक्त नवऱ्याचा नंबर पाठ असतो.

आणि एक सूचना आपल्या कार्यकर्त्यांना. बाईचा फोन तिच्या हातातून घेऊन आपण करून देऊ नका. मला ती सवय मोडायला दोन वर्षं लागली. तिला वेळ लागेल, चुकेल, पुन्हा मागे जाईल. जाऊ द्या. आपण पटकन करून दिलं की आपणही त्या मुलासारखे, त्या नवऱ्यासारखेच होतो, फक्त जरा गोड बोलणारे.

त्या मावशींचं काय झालं, असं विचाराल. मुलाने फोन मागितलाच. त्या म्हणाल्या, "तुझा आहे ना तुझ्याकडे? हा माझ्या नावावर आहे." आठ दिवस घरात अबोला होता. मग एक दिवस त्याच्याकडचा रिचार्ज संपला आणि तो आईकडे फोन मागायला आला. त्यांनी दिला. पण स्वतः आकडे दाबून, उघडून दिला.

आणि जिचा फोन भिंतीवर आपटला गेला, ती मुलगी आज इथे मागच्या रांगेत बसली आहे. तिच्या परवानगीनेच मी तिची गोष्ट सांगितली. पुढच्या महिन्यापासून काजूपाड्यातला 'फोनचा दिवस' ती घेणार आहे. काय बोलायचं हे मी तिला सांगितलेलं नाही.